संक्रांतीचं काळं आणि लेकराची ऊब

संक्रांत जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं. थंडीचे दिवस असतात, काळा रंग उष्णता शोषून घेतो, म्हणून पूर्वजांनी या एका सणाला काळं वापरायची मुभा ठेवली. हळदीकुंकवाच्या गप्पांत हे वाक्य असतं, शाळेत मुलांना ते सांगितलं जातं, सणावारांवरच्या लेखांत ते दरवर्षी नव्यानं छापलं जातं. मोठ्या माणसांच्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही. चंद्रकळा नेसलेल्या बाईला गार वाटलं तर ती शाल ओढून घेते, नाहीतर उठून खिडकी लावते. बोरन्हाणाच्या पाटावर बसवलेल्या दीड वर्षाच्या लेकराला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या अंगावर बिनबाह्यांचा जाळीचा काळा फ्रॉक असतो किंवा पातळ सॅटिनचा कुडता. घरातलं कुणी ‘गारठेल गं ते’ म्हणालंच, तर उत्तर तयार असतं : काळं आहे ना, ऊब राहते.

ऊब राहत नाही, निदान रंगामुळे तरी राहत नाही. हे नीट मांडावं असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे, कारण या एका समजुतीपायी दोन गोष्टी हातच्या जातात. एक म्हणजे लेकराची ऊब. दुसरी म्हणजे ती ऊब सणाच्या कपड्यातच कशी शिवून घ्यायची याचं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं ज्ञान.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा. काळा रंग उन्हात तापतो हे खोटं नाही. दुपारी उन्हात ठेवलेल्या काळ्या गाडीच्या टपाला हात लावलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. बेंजामिन फ्रँकलिननं याचा अगदी साधा प्रयोग केला होता आणि १७६०-६१च्या सुमाराच्या एका पत्रात तो मेरी स्टीव्हन्सन या तरुण मैत्रिणीला कळवला होता. शिंप्याकडच्या नमुन्यांतले निरनिराळ्या रंगांचे बनातीचे तुकडे त्यानं स्वच्छ उन्हाच्या सकाळी बर्फावर पसरून ठेवले. काही तासांत काळा तुकडा सगळ्यांत खोल रुतला, गडद निळा जवळजवळ तितकाच, फिके रंग त्याहून कमी, आणि पांढरा होता तिथेच वर राहिला. कापड एकच, बर्फ एकच, ऊन एकच. फरक होता तो रंगाचा. काळ्याच्या बाजूनं बोलणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

पण ही साक्ष उन्हाबद्दल आहे. तोच प्रयोग फ्रँकलिननं सूर्य मावळल्यावर केला असता तर सगळे तुकडे सारखेच पडून राहिले असते. सूर्याच्या ऊर्जेचा जवळपास अर्धा भाग आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपानं येतो, आणि कापडाचा रंग आपल्याला सांगतो तो एवढंच, की हे कापड त्या दिसणाऱ्या प्रकाशाचं काय करतं. काळं तो गिळतं, पांढरं परतवतं. माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता मात्र या प्रकाशात नसतेच. तिची तरंगलांबी नऊ-दहा मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या दहा-वीसपट. त्या पट्ट्यात काळं सुती कापड आणि पांढरं सुती कापड जवळजवळ सारखंच वागतं. गोरी आणि सावळी कातडीही तिथे सारखीच. डोळ्यांना दिसणारा काळेपणा त्या उष्णतेच्या लेखी नाहीच.

शिवाय शोषून घेणं आणि धरून ठेवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या वाक्यात त्या नकळत एक होऊन बसल्या आहेत. भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव किर्खोफनं १८५९-६०च्या सुमाराला नियम मांडला : जी वस्तू ज्या तरंगाची उष्णता जितकी चांगली शोषते, ती तितकीच चांगली ती बाहेरही टाकते. म्हणजे काळं कापड अंगाच्या उष्णतेलाही काळंच असतं असं क्षणभर धरून चाललं, तरी ते जेवढं घेईल तेवढं देऊनही टाकेल. साठवून ठेवण्याचा गुण रंगात कुठेच नाही.

आता बोरन्हाण होतं कधी ते पाहा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, सोयीच्या दिवशी. आणि वेळ? आया कामावरून यायच्या, शेजारची मुलं शाळेतून यायची, हळदीकुंकवाचं बोलावणंही त्याच वेळी. म्हणजे संध्याकाळी सहा-सात. जानेवारीच्या मध्याला पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. बैठकीच्या खोलीत दिवे लागलेले असतात, पडदे ओढलेले असतात. तिथे काळ्या फ्रॉकनं शोषायला ऊन आणायचं कुठून?

यावर कुणी म्हणेल, आम्ही सकाळी गच्चीवर करतो, कोवळ्या उन्हात. तिथे पातळ, अंगाला चिकटलेला काळा कपडा तापेल आणि थोडी ऊब कातडीपर्यंत पोहोचेल, हे मी मान्य करतो. पण सैल कपड्याचं तेवढंही खरं नाही. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक रणरणत्या उन्हात काळे पायघोळ झगे घालतात, याचं कोडं काही शास्त्रज्ञांनी सोडवायला घेतलं आणि १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन पितो, पण ती जादा उष्णता अंगापर्यंत येण्याआधीच बाहेर निघून जाते. काळा झगा घाला नाहीतर पांढरा, आतल्या माणसाला मिळणारी उष्णता सारखीच भरली. त्याच निबंधात कबुतरांवरच्या आधीच्या प्रयोगांचा उल्लेख आहे. तिथे वारा सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला, की काळ्या पिसांपेक्षा पांढऱ्या पिसांतून जास्त उष्णता आत जाताना दिसली. सेकंदाला तीन मीटर म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. गच्चीवर पतंग उडण्याइतका वारा. कापडाच्या बाहेरच्या पदरावर काय होतं आणि आतल्या कातडीला काय मिळतं, या दोन टोकांमध्ये बरंच काही घडत असतं. आपलं लोकप्रिय वाक्य ते मधलं सगळंच सोडून देतं.

त्या मधल्या जागेत हवा असते. ऊब म्हणजे बहुतेक तीच. स्थिर हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते, पाणी तिच्या वीस-पंचवीसपट वेगानं नेतं. लोकर, पिंजलेला कापूस, गोधडी, रजई, फ्लीस या सगळ्यांचं कसब एवढंच, की ते हवेचे बारीक बारीक कप्पे करून तिला हलू देत नाहीत. म्हणून ऊब हवी असेल तर रंग नव्हे, तीन गोष्टी विचाराव्यात : कापडात हवा थांबते का, वारा ती उडवून लावतो का, आणि घामानं किंवा सांडलेल्या पाण्यानं कापड ओलं झालं तर काय होतं. जाळीच्या फ्रॉकमध्ये हवा थांबत नाही. सॅटिन चकचकीत आणि पातळ, अंगावर लोळतं पण हवेला जागा ठेवत नाही. जाड सुती कापड कोरडं असेपर्यंत चांगलं, ओलं झालं की गार पडतं. लोकर हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या सोळा टक्क्यांपर्यंत सहज पोटात घेते, सुती कापड सात-आठ टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. धावूनपळून घामेजलेलं पोर बाल्कनीत गेल्यावर का कुडकुडतं, याचं बरंचसं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

पूर्वपक्षाचा दुसरा साक्षीदार म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस : ‘लहान मुलांच्या अंगातच ऊब असते, त्यांना थंडी कमी लागते.’ यात अर्धं सत्य आहे. किलोमागे पाहिलं तर लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा जास्त उष्णता तयार करतं. पण ते ती गमावतंही जास्त. पंच्याऐंशी सेंटिमीटर उंचीच्या, बारा किलो वजनाच्या मुलाचं अंग साधारण अर्ध्या चौरस मीटरहून किंचित जास्त भरतं. साठ किलोच्या, पावणेसहा फुटांहून थोड्या कमी उंचीच्या माणसाचं पावणेदोन चौरस मीटरच्या आतबाहेर. किलोचा हिशेब केला तर मुलाची कातडी दीडपटीहून जास्त होते. उष्णता बाहेर जाते ती कातडीवाटेच. त्यात तान्ह्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. त्याचं शरीर पाठीमानेकडच्या तपकिरी चरबीचा एक खास साठा जाळून उष्णता करतं, आणि तो साठा काही अखंड नसतो. पळणारं पोर लालबुंद दिसतं म्हणून त्याला थंडी नाही, हा निष्कर्ष पळणं थांबल्यावर पाच मिनिटांत मोडतो.

डोक्याबद्दलही एक जोडसमज आहे. अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं सर्रास सांगितलं जातं. मोठ्यांच्या बाबतीत हे चूक आहे. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन डॉक्टरांनी अशा समजुतींची छाननी केली, तिच्यात हीही होती. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे अंगाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि उष्णताही त्याच मानानं जाते. पण तान्ह्याचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं जवळजवळ दुप्पट मोठं असतं, अठरा-वीस टक्के. म्हणजे टोपडं घालणाऱ्या आजीचा आकडा चुकला असेल, तिचा हात चुकला नव्हता.

आणि इथेच मला ‘पूर्वजांचं विज्ञान’ या युक्तिवादाशी सरळ भिडायचं आहे. पूर्वज शहाणे होते, हे मला मनापासून मान्य आहे. पण त्यांचं शहाणपण कशात होतं हे त्यांच्या कपड्यांना विचारा. घरात ऊब सगळ्यांत जास्त कुणाला लागते? नुकत्या जन्मलेल्या बाळाला. काळ्या रंगात ऊब असती तर मराठी घरात बाळंतविडा काळाकुट्ट निघाला असता. प्रत्यक्षात बारशाला, पाचवीला काळं वर्ज्य. तीट काळी, गळ्यातला एखादा काळा मणी, मनगटातल्या मनगट्यांतले काळे मणी, बस्स. झबली पांढरी, टोपडी रंगीबेरंगी, आणि दुपटं आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं, दोन-तीन पदरी. हे पदर म्हणजे हवेचे कप्पे. गोधडीतही तेच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं असे शिवायचे, की मधली हवा जागच्या जागी राहावी आणि कापड सरकू नये. रंग कोणते लागले, याला त्यात काहीच महत्त्व नव्हतं. घरात जे लुगडं विरलं तो रंग.

यातली सगळ्यांत देखणी वस्तू म्हणजे कुंची. डोक्यावर टोपीसारखी बसणारी, कान झाकणारी आणि मानेपासून तशीच पाठीवर पसरत उतरणारी. बाहेरून खण किंवा रेशीम, आतून मऊ सुती अस्तर, कडेला जर, मणी, कधी गोंडे. हिरवी, लाल, जांभळी. बारशाला बाळ हिच्यातच नटायचं. म्हणजे शोभेचा कपडा आणि उबेचा कपडा असे दोन वेगळे कपडे तिथे नव्हतेच, नटवण्याची वस्तू तीच उबेची होती. कापड दुहेरी, वारा अडवायला बाहेरचा पदर घट्ट विणीचा, डोकं आणि मान यांच्यामध्ये फट नाही. आज फार पैसे मोजून हुड असलेलं जाकीट घेताना आपण जे जे पाहतो ते सगळं कुंचीत आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची वीण इतकी दाट असते की गार वारा तिच्यातून सहज शिरत नाही. हे शहाणपण आपण कपाटात घडी करून ठेवलं आणि रंगाची एक गोष्ट तेवढी तोंडात ठेवली.

आणखी दोन पुरावे देतो, दोन्ही महाराष्ट्राच्याच मातीतले. पहिला सोलापूरचा. ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा ऐन संक्रांतीला भरते. नंदीध्वज निघतात, आणि ते वाहणारे भक्त आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक असतात ते पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. त्याच दिवशी, त्याच थंडीत, पांढरं. बाराबंदीची उबेची युक्ती तिच्या बेतात आहे. पुढचे दोन्ही पल्ले छातीवर एकमेकांवर येतात आणि बंदांनी बांधले जातात, म्हणजे जिथे वारा थेट लागतो तिथे कापड दुहेरी. दुसरा पुरावा धनगरी घोंगड्याचा. ते काळं असतं, उबदारही असतं, म्हणून काळ्याच्या बाजूनं ते पुढे करण्याचा मोह होईल. पण त्याचा काळेपणा दख्खनी मेंढीच्या अंगचा आहे, आणि ऊब तिच्या लोकरीची. घोंगडं लागतं ते रात्री, उघड्या रानात, वाड्यावर. तिथे आकाशात ऊन नसतं. मेंढी पांढरी असती तरी घोंगडं तितकंच उबदार झालं असतं.

मग संक्रांतीला काळं का? याला माझ्याकडे पुराव्यानिशी उत्तर नाही आणि ते असलंच पाहिजे असंही मला वाटत नाही. मोठ्या रात्रींना निरोप म्हणून रात्रीचा रंग नेसायचा, असं एक स्पष्टीकरण सांगतात. ते काव्य म्हणून सुंदर आहे. खगोलाच्या हिशेबात मात्र वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच होऊन गेलेली असते. मला स्वतःला सगळ्यांत जास्त पटतं ते डोळ्यांना दिसणारं कारण. पाकाचे थर देत देत, मंद आचेवर काटा आणलेला हलवा पांढरा असतो. त्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, हातातली बासरी काळ्या कापडावर जशी खुलतात तशी दुसऱ्या कुठल्याही रंगावर खुलत नाहीत. एखादी प्रथा सुंदर आहे, एवढं कारण तिला जगण्यासाठी पुरेसं असतं. तिला उसन्या भौतिकशास्त्राचा टेकू दिला की नुकसान प्रथेचंच होतं : टेकू निसटला की पुढची पिढी प्रथेलाच अडाणी ठरवते. काळं जरूर घालावं. ते घातल्यानं बाळाला ऊब मिळाली, असं मात्र समजू नये.

आता तिसरा पूर्वपक्ष. हा शास्त्राचा नाही, सोयीचा आहे, पण माझ्या मते सगळ्यांत घट्ट रुतलेला. ‘तासाभराचा तर प्रश्न. फोटो झाले की बदलू. स्वेटर घातला की सगळी शोभा जाते.’ थोडक्यात, लहान मुलाचा सणाचा कपडा देखणा तरी होईल किंवा उबदार तरी, दोन्ही होणार नाही. कुंचीनं हे आधीच खोडलं आहे, पण आजच्या घरापुरतं पुन्हा खोडून दाखवतो.

पहिली गोष्ट, प्रश्न तासाभराचा नसतो. पुण्यात जानेवारीत दुपारचं तापमान तिशीच्या आसपास आणि पहाटेचं अकरा-बारा अंश. दिवसभरात अठरा-एकोणीस अंशांचा हा चढउतार आपल्या थंडीची खरी ओळख आहे. संध्याकाळी सातला, भरल्या खोलीत, पंधरा-वीस माणसांत कडाका नसतो हे खरंच. मुंबईच्या घरात तर स्वेटरची गरजही नसते, उलट जाड कपड्यात बाळ उकडून रडतं. पण नऊ वाजता आईबापांच्या मध्ये बसून स्कूटरवरून घरी निघालेल्या पाहुण्यांच्या पोराला ताशी चाळीस किलोमीटरचा वारा लागतो, आणि नाशिक-निफाडकडे, जिथे पारा दर हिवाळ्यात महाराष्ट्राच्या तळाशी जातो, तिथे सातचाच गारठा पुरेसा असतो. एकाच संध्याकाळी मुलाला गरम आणि गार दोन्ही सोसायचं असतं. एकच जाड कपडा या कामाला निरुपयोगी, आणि एकच पातळ कपडाही. हवेत ते थर, घालता-काढता येणारे.

दुसरी गोष्ट हलव्याच्या दागिन्यांची. काटेरी हलवा उघड्या दंडाला आणि मानेला टोचतो. घाम आला की साखर ओलसर होऊन चिकटते. बिनबाह्यांच्या फ्रॉकवर बाजूबंद बांधला की पाटावरचं पोर दोन मिनिटांत तो ओढून तोंडात घालतं किंवा रडायला लागतं, आणि आपण म्हणतो, याला दागिने आवडत नाहीत. पूर्ण बाह्यांचं, गळ्याशी उंच असलेलं मऊ सुती झबलं आत असेल तर बहुतेक रडणं थांबतं. शोभेला जे हवं तेच इथे उबेलाही हवं आहे.

तिसरी गोष्ट मी सगळ्यांत गंभीरपणे सांगतो. बोरन्हाणाआधी औक्षण असतं. पेटलेलं निरांजन बाळाच्या तोंडासमोरून ओवाळलं जातं आणि पेटती वात ही बाळाच्या दृष्टीनं हात घालून पकडायची वस्तू असते. बाजारात मिळणारे बोरन्हाणाचे बहुतेक तयार पोशाख जाळी, सॅटिन, चमकी अशा पॉलिस्टरच्या घराण्यातले असतात. पॉलिस्टर पेटलं की वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. घेरदार जाळीच्या पदरांमध्ये हवा खेळती असते, त्यामुळे आग चटकन वर चढते. सुती कापडही जळतं, पण चिकटत नाही. लोकर सहजासहजी पेटत नाही, आणि पेटली तरी ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते. म्हणून सगळ्यांत बाहेरचा कपडा सुती, खणाचा, रेशमी किंवा लोकरीचा असावा, घेर आटोपशीर असावा, आणि औक्षण करणाऱ्या बाईनं निरांजन हाताच्या अंतरावरून फिरवावं. फ्लीसचा उबदार कपडा हवाच असेल तर तो आतल्या बाजूला.

मग बेत असा होतो. अंगालगत पूर्ण बाह्यांचं, अंगाबरोबर बसणारं सुती बनियन किंवा पातळ थर्मल. त्यावर बिनबाह्यांची लोकरी किंवा फ्लीसची बंडी, कारण ऊब धडाला हवी आणि बोरं वेचायला हात मोकळे हवेत. त्यावर काळं झबलं किंवा कुडतं, बंडी मावेल इतकं सैल. घट्ट कपड्यानं आतली बंडी चेपली तर तिच्यातली हवाच निघून जाते आणि सगळा खटाटोप वाया जातो. मुलगी असेल तर परकर-पोलकं, पण परकराच्या आत सुती चुडीदार, कारण मांडी घालून बसताना परकर हमखास गुडघ्यावर येतो. पायात मोजे, तळव्याला रबरी ठिपके असलेले, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पोर घसरतं. बसायला पाट हवाच. तो मानाचा आहे म्हणून, आणि लाकूड फरशीसारखं अंगातली उष्णता ओढून घेत नाही म्हणूनही. बाहेर पडताना वरून कुंची. तिचे बंद गळ्याशी घट्ट बांधायचे नाहीत, हनुवटीखाली एक टिचबटण लावून घ्यावं म्हणजे ओढ बसली की ते आपोआप सुटतं, आणि झोपवताना ती काढायची. लंगोट किंवा डायपर बदलायला झबल्याची मागची बाजू पूर्ण उघडी शिवून घेतली तर मुलाला सगळं उतरवून गारठवावं लागत नाही.

ऊब पुरेशी आहे का हे हातपाय चाचपून कळत नाही. लहान मुलांचे तळहात-तळपाय गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर बोटं ठेवून पाहावं. तिथे गार लागलं तर एक थर वाढवा, घाम लागला तर बंडी लगेच काढा. अती ऊबही तान्ह्या बाळाला धोक्याचीच असते, म्हणून घरात आल्यावर टोपडं आणि कुंची उतरवण्यात आळस नको.

परदेशातल्या मराठी घरांना हे सगळं जास्तच लागू आहे. शिकागो किंवा टोरांटोच्या जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम एखाद्या शाळेच्या सभागृहात असतो. बाहेर शून्याखाली, आत हीटरची कोरडी गरमी. तिथली चूक उलट्या टोकाची होते. पातळ काळ्या फ्रॉकवर एकदम फुगीर जाकीट चढवून पोराला गाडीतल्या खुर्चीत बांधलं जातं. धक्का बसला तर ते जाकीट चेपतं आणि पट्टे सैल पडतात. म्हणून खुर्चीत पातळ थर, पट्टे त्यांवर घट्ट, आणि पट्ट्यांच्या वरून शाल किंवा दुपटं. आजीनं भारतातून पाठवलेलं गोधडीवजा दुपटं या कामाला कुठल्याही जाकिटापेक्षा सरस आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, तो खर्चाचा. काळा कपडा एरवी कुठल्या शुभकार्याला चालत नाही, आणि पोर पुढच्या वर्षी त्यात मावत नाही. मग एका संध्याकाळसाठी एवढं शिवायचं कशाला? पण या बेतात काळा असतो तो सगळ्यांत वरचा, सगळ्यांत साधा, अस्तर नसलेला एक पदर. तो थोरल्या भावंडाचा, मावसबहिणीचा, शेजारच्या मुलाचा मागून आणला तरी चालतो, बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत कधीही करतात त्यामुळे असा कपडा कुणाकडे तरी असतोच. नाहीतर आईच्या जुन्या काळ्या सुती साडीचा पाऊण मीटर तुकडा शिंप्याकडे द्यावा. पैसे खर्चायचे ते आतल्या बंडीवर आणि कुंचीवर. त्या कुठल्याही रंगाच्या असू द्यात. बंडी आपल्या जुन्या लोकरी स्वेटराची पाठ कापूनही होते, फक्त कापलेल्या कडा लगेच गुंफून घ्यायच्या, नाहीतर वीण उसवत जाते. कुंचीला खण घेताना अस्तरासाठी नवं कापड घेऊ नका, धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा लुगडं द्या. बाळाच्या कानाला, गालाला सतत लागणार आहे ते तेच. आणि शिंप्याला माप देताना बाळाच्या अंगावर बनियन आणि बंडी असतानाच द्या. उघड्या अंगावरून घेतलेल्या मापाचं झबलं दिसायला नेटकं बसतं, आणि त्याच्या आत दुसरं काहीच मावत नाही.